मोटारींतील बिनतारी यंत्र व त्याची आकाशतार

अमेरिकेंत १९५८ सालीं सामान्य नागरिकांस आपापसांत बोलण्यासाठीं २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा देण्यांत आला. हाच सिटिझन्स बँड, अर्थात् सीबी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथील मालमोटारींचे चालक इंधन कोठें मिळतें हें परस्परांस याच यंत्रावरून कळवूं लागले, आणि सीबीचें नांव सर्वतोमुखीं झालें.

यंत्र मोटारींत बसविणें अवघड नाहीं. तारा जोडल्या कीं आवाज येऊं लागतो, आणि पुष्कळांची फसगत होते ती येथेंच. ऐकूं येतें त्याअर्थीं आपलें बोलणेंही पोहोंचत असलें पाहिजे, असें चालक समजतो. पुढें निर्जन रस्त्यावर गाडी बंद पडते, संकटासाठीं राखलेल्या नवव्या चॅनेलवर तो हांक मारतो, आणि ती कोणाच्याच कानीं पडत नाहीं.

या यंत्राची शक्ति कायद्यानें अवघी ४ वॉट. तेव्हां तिचा अपव्यय परवडणारा नाहीं. जाड दोर बारीक दोरास बांधून हिसका दिला, तर गांठीपाशीं लहर अंशतः मागें फिरते. विजेच्या लहरीचेंही तसेंच आहे. यंत्र व कोॲक्सियल केबल हीं ५० ओहमचीं असतात. आकाशतार तशी नसेल, तर कांहीं शक्ति माघारी येते. हें प्रमाण एसडब्ल्यूआर मीटर दाखवितो. कांटा १.५ वर असला तर शेंकडा ४ भाग परततो, २ वर ११, आणि ३ वर २५. इतकी शक्ति परतूं लागली म्हणजे यंत्रांतील ट्रान्झिस्टरही धोक्यांत येतो.

येथें लाट सुमारें ११ मीटरांची, म्हणून तिच्या चतुर्थांशाची आकाशतार पावणेतीन मीटरांची होते; आंखूड तारेंत ही उणीव वेटोळ्यानें भरून काढतात. परंतु ही अर्धीच आकाशतार होय. उरलेलें अर्धें म्हणजे गाडीचें पत्र्याचें अंग. बैठकीखालीं रंग वा गंज राहिला, तर हें अर्धें अंग तुटलें असें समजावें. म्हणून प्रथम ओहममीटरनें केबलचें बाह्य वेष्टन गाडीच्या पत्र्याशीं नीट जोडलेलें आहे ना, तें पाहावें.

मग गाडी भिंतींपासून दूर मोकळ्या जागीं नेऊन व दारें लावून पहिल्या आणि चाळिसाव्या चॅनेलवर मोजमाप करावें. चाळिसाव्यावर आंकडा अधिक असेल तर तार लांब आहे, ती आंखूड करावी; पहिल्यावर अधिक असेल तर वाढवावी. मात्र एका वेळीं दोन-चार मिलिमीटरच.

आंकडा उतरावा म्हणून कित्येकजण केबलच कापीत बसतात. हा उपाय नव्हे. केबलच्या लांबीनें कांटा फार हालत असेल, तर वेष्टनाच्या बाहेरून प्रवाह वाहत आहे, म्हणजेच पत्र्याची जोडणी कच्ची आहे.

याहून लबाड दोष पाणी शिरलेल्या जुन्या केबलचा. ती शक्ति जातां-येतां दोन्ही वेळां गिळते. परत येणारें मीटरपर्यंत पोंचतच नाहीं आणि कांटा उत्तम दिसतो! तेथें आकाशतार सोडवून केबलच्या टोंकाशीं वॉटमीटर व ५० ओहमचा कृत्रिम भार जोडावा. यंत्रापाशीं ४ वॉट आणि टोंकाशीं २ वॉट भरले, तर ती केबल काढून टाकावी. गाडींतल्या पांच-सहा मीटरांत इतकी घट होतां कामा नये.