खिडकीला काळा कागद लावण्यापूर्वी

मे महिन्यात पुसदला पारा ४२-४४ अंशांच्या घरात गेला की, दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीजवळ बसवत नाही. घरातील म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्ही मुले आणि घरीच शिलाई मशीन चालवणाऱ्या आपल्या भगिनी यांना उठून जायला दुसरी खोली नसते. मग कोणीतरी सुचवते, काचेला फिल्म लावून घ्या. आपण तिला सरसकट ‘काळा कागद’ म्हणतो. बाजारपेठेतील आपले छोटे दुकानदारही दर्शनी काचेसाठी तिचा विचार करतात. कष्टाचा पैसा त्यात घालण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

आधी छप्पर, मग खिडकी

पुसद साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ आत येत नाही. पूर्वेकडून ते सकाळी येते आणि पश्चिमेकडून दुपारनंतर. सगळ्यात जास्त मार मात्र छपराला बसतो. घरावर टिनपत्रे असतील तर पहिला पैसा त्यांवर पांढरा रंग किंवा चुना देण्यासाठी खर्च करावा. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले, ते याच कारणाने.

खिडकीतही ऊन काचेच्या बाहेरच अडवणे केव्हाही चांगले. वर सज्जा, बाहेरून बांबूची ताटी किंवा हिरवी जाळी यांचा गुण फिल्मपेक्षा अधिक येतो. जुन्या घरांना सागवानी झडपा असतील तर त्या काढून काच बसवण्याची घाई करू नये. शिवाय आपल्याकडे कूलर चालतो. त्याची हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, आणि उघड्या खिडकीवर फिल्मचा उपयोग नाही. जी काच दिवसभर बंद राहते आणि जिच्यावर थेट ऊन पडते, तिच्यापुरताच फिल्मचा विचार करावा.

काळा म्हणजे थंड नव्हे

उन्हातून येणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. त्याहून थोडी कमी दिसणाऱ्या उजेडाची आणि उरलेला थोडा भाग अतिनील किरणांचा. स्वस्तातला रंगीत कागद मुख्यतः उजेड अडवतो. तो स्वतः तापतो आणि त्यातील काही उष्णता खोलीतच सोडतो. काही उन्हाळ्यांत त्याचा रंग जांभळट पडतो, फुगे येतात. खोली अंधारल्यामुळे मुलांना अभ्यासासाठी दिवसा ट्यूब लावावी लागते, ते बिल वेगळेच.

धातूचा मुलामा असलेली आरशासारखी फिल्म बरेचसे ऊन परत फेकते. दिवसा बाहेरून आतले दिसत नाही. पण रात्री आत दिवा लागला की उलटे होते आणि बाहेरच्याला सारे दिसते. म्हणून पडदा काढू नये. सिरॅमिक फिल्म उजेड बराच येऊ देते व अवरक्त किरण अडवते, मात्र ती महाग पडते.

दुकानात गेल्यावर तीन आकडे विचारा: उजेड किती टक्के आत येतो, अतिनील किरण किती अडतात आणि एकूण सौर ऊर्जा किती अडते. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. काही ठिकाणी तापलेल्या दिव्यासमोर फिल्म धरून हात लावायला सांगतात. तो दिवा मुख्यतः अवरक्त किरण टाकतो, त्यामुळे फिल्म असते त्याहून चांगली वाटते. भाव चौरस फुटावर असतो. ३ बाय ४ फुटांची खिडकी म्हणजे १२ चौरस फूट. मजुरी त्यात धरली आहे का, तेही आधीच ठरवा.

दुकानदार बंधूंसाठी

कापड, पुस्तके, तसबिरी यांचा रंग अतिनील किरणांनी उडतो. चांगली फिल्म ते ९९ टक्क्यांपर्यंत अडवते. तरी उजेड आणि उष्णता यांनीही रंग उतरतोच, म्हणून फिल्ममुळे नुकसान लांबते, पुरते थांबत नाही. घरी बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीरही थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नये. दर्शनी काचेला गडद फिल्म लावली तर रस्त्यावरून माल दिसत नाही आणि गिऱ्हाईक पुढे निघून जाते, हेही ध्यानात ठेवावे. जाड सुरक्षा फिल्म असेल तर काच फुटली तरी तुकडे अंगावर उडत नाहीत.

लावताना

नक्षीच्या खरबरीत बाजूवर फिल्म चिकटत नाही. कडा टवके गेलेल्या, तडा असलेल्या किंवा आत तारेची जाळी असलेल्या काचेला ऊन शोषणारी फिल्म लावू नये, काच तापून तडकू शकते. फिल्म आतल्या बाजूने, साबणाच्या पाण्याने काच स्वच्छ करून, रबरी पट्टीने पाणी काढत लावतात. पुढे सुमारे महिनाभर ती पुसू नये. नंतरही अमोनिया असलेले द्रव वापरू नयेत. घर भाड्याचे असेल तर मालकाला आधी विचारावे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काळ्या फिल्मवर जी बंदी घातली ती वाहनांच्या काचांसाठी होती, घर-दुकानासाठी नव्हे.

सगळ्या खिडक्या एकदम करू नका. पश्चिमेची एक काच करून पाहा, एक उन्हाळा जाऊ द्या, फरक पडला तर पुढचा खर्च करा. आणि घरातील म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल दुपारी ज्या जागी निजते, ती जागा सर्वांत आधी.