ख्रिस्ती क्षमेविषयी घट्ट बसलेले काही गैरसमज

गैरसमज : पाप करायचे, फादरना सांगायचे आणि मोकळे व्हायचे.

सिनेमात फादर जाळीच्या खिडकीआडून पाप ऐकतात, त्या दृश्यांनी हा समज फार पसरवला. कॅथलिकांच्या पापनिवेदनात (गोव्यात त्याला कुमसार म्हणतात) पाप बोलून दाखवणे हा केवळ एक भाग आहे. त्याआधी खरा पश्चात्ताप आणि ते पाप पुन्हा न करण्याचा निश्चय हवा; नंतर फादर सांगतील ते प्रायश्चित्त करायचे. चोरी केली असेल तर चोरलेले परत द्यावे लागते. कुणाची बदनामी केली असेल तर ती भरून काढावी लागते. मनात पश्चात्तापच नसेल, तर फादरनी उच्चारलेल्या पापमुक्तीचा काही उपयोग नाही. प्रोटेस्टंट लोक थेट देवापुढे पाप कबूल करतात, पण पश्चात्तापाची अट त्यांच्याकडेही आहेच.

मग क्षमा ही या साऱ्याची मजुरी म्हणायची का? तसेही नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा लोकांना नाडून श्रीमंत झालेला जकातदार. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत, हे जक्कयने त्यानंतर जाहीर केले. देवाची कृपा आधी आली, परतफेड मागून. हा क्रम लक्षात आला नाही, तर ख्रिस्ती क्षमा कळत नाही असे मला वाटते.

गैरसमज : चर्चमध्ये पैसे भरून क्षमा मिळते.

या आरोपाला इतिहास आहे. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी निधी जमवताना जर्मनीत दंडमाफीची पत्रे अक्षरशः विकली गेली. ती पापासाठी नव्हती, पापाबद्दल भोगायच्या शिक्षेसाठी होती. पण विकणाऱ्यांनी हा फरक लोकांपर्यंत पोहोचू दिला नाही. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले ते याविरुद्धच. पुढे १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशांशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या.

गैरसमज : जुन्या करारातला देव कोपिष्ट, नव्या करारातला प्रेमळ.

बायबलच्या दोन करारांचे दोन वेगळे देव आहेत, असे शिकवणाऱ्या मार्सियनला रोमच्या मंडळीने दुसऱ्या शतकातच बाहेर काढले. यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाच्या पावित्र्याचे दर्शन घडते, तेव्हा आपण अशुद्ध ओठांचे आहोत, आता संपलो, असे त्याला वाटते. वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागतो आणि त्याचा दोष दूर होतो. ज्या पावित्र्याची त्याला धास्ती वाटली, त्याच पावित्र्याने त्याला शुद्ध केले. आणि हे जुन्या करारातच आहे.

गैरसमज : क्षमा केली म्हणजे गुन्हा पोटात घातला.

जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि बारीपद्यात राहून कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र थांबला नाही. क्षमा त्यांनी केली होती, न्याय न्यायालयाने करायचा होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली.