कंपायलर, नवा : जुन्या परिचालन प्रणालीवरील वापर
संगणकावरील मूळची परिचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, न बदलता तिच्यावर नंतरच्या काळातील कंपायलर बसवून त्याच्या साहाय्याने आज्ञावल्या सिद्ध करण्याची पद्धती. सी, सी++, फोर्ट्रान इ. भाषांत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. प्रयोगशाळा, कारखाने, बँका यांतील परिचालन प्रणाली एकदा स्थिरावली की सहसा दहा-दहा वर्षे बदलत नाहीत. भाषांचा विकास मात्र थांबत नाही. सी++ या भाषेची सुधारित मानके २०११, २०१४, २०१७ व २०२० अशी तीन-तीन वर्षांनी निघाली. सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली २०१४ मध्ये प्रसृत झाली व ३० जून २०२४ पर्यंत तिला अधिकृत दुरुस्त्या मिळत होत्या. तिच्यासोबत येणारा जीसीसी हा कंपायलर ४.८ या मालिकेतील असल्यामुळे २०१७ च्या मानकाप्रमाणे लिहिलेली आज्ञावली त्याला समजत नाही. अशा वेळी प्रणाली तीच ठेवून कंपायलर तेवढा नवा घेतला जातो.

नवा कंपायलर हीदेखील एक आज्ञावलीच असल्याने तो सिद्ध करण्यास जुना कंपायलर लागतो. जीसीसीच्या बाबतीत हे काम तीन टप्प्यांत होते. प्रथम जुना कंपायलर नव्याचे रूपांतर करतो. असा तयार झालेला कंपायलर पुन्हा स्वतःच्याच मूळ मजकुराचे रूपांतर करतो आणि त्यातून निघालेला कंपायलर तेच काम तिसऱ्यांदा करतो. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांतील फलिते तंतोतंत जुळली, तरच कंपायलर विश्वसनीय मानतात. जुना कंपायलर फारच मागासलेला असेल, तर मात्र शिडीप्रमाणे मधली पायरी घ्यावी लागते. जीसीसी ११ (२०२१) पासून ते १४ पर्यंतच्या आवृत्त्या सिद्ध करण्यास २०११ चे मानक जाणणारा कंपायलर पुरतो व ४.८ मालिका त्यास पात्र आहे. परंतु जीसीसी १५ (२०२५) साठी निदान ५.४ ही आवृत्ती लागते. म्हणून सेंटओएस ७ वर आधी मधली एखादी आवृत्ती व तिच्यावरून १५ असा क्रम लावावा लागतो. याखेरीज जीएमपी, एमपीएफआर व एमपीसी या गणिती लायब्रऱ्या, तसेच पुष्कळदा नवा असेंब्लर व लिंकर यांचीही गरज पडते.

नवा कंपायलर नेहमी स्वतंत्र निर्देशिकेत बसवितात. मूळच्या कंपायलरला हात लावीत नाहीत. सी भाषेची मूलभूत लायब्ररी जीलिबसी ही तर मुळीच बदलू नये. फायलींची यादी दाखविण्यासारखी साधी आज्ञाही तिच्यावर अवलंबून असते व ती चुकीच्या रीतीने बदलल्यास यंत्र तत्क्षणी निकामी होते. हा मोह अनुभवी मंडळींनाही होतो, म्हणून येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

खरी अडचण रूपांतरानंतर, आज्ञावली चालविताना येते. सी++ मधील आज्ञावलीस लागणारी बरीचशी कार्ये एका सामायिक लायब्ररीत असतात व त्यांवर आवृत्तीच्या खुणा असतात. सेंटओएस ७ वरील लायब्ररीत ३.४.१९ पर्यंतच्याच खुणा आहेत. जीसीसी ५ ने सिद्ध केलेली आज्ञावली ३.४.२१ ही खूण मागू शकते आणि ती न सापडल्यास सुरूच होत नाही. यावर नवी लायब्ररी आज्ञावलीसोबत देणे किंवा तिचा आवश्यक भाग आज्ञावलीतच गोवणे हे उपाय आहेत. रेड हॅट कंपनीच्या डेव्हलपर टूलसेट या साधनसंचात दोहोंचा मेळ घातलेला होता : जी कार्ये प्रणालीच्या लायब्ररीत आहेत ती तेथूनच घ्यावयाची व जी नाहीत तेवढीच आज्ञावलीत घालावयाची. जीसीसी ५ मध्ये (२०१५) अक्षरमालेची स्मृतीतील मांडणीही बदलली. त्यामुळे जुन्या व नव्या मांडणीचे भाग एकत्र जोडू गेल्यास लिंकर ते नाकारतो. याच कारणास्तव वरील साधनसंचाने रेड हॅट ७ वर जुनीच मांडणी कायम ठेवली.

एवढा खटाटोप करण्याऐवजी नव्या प्रणालीवर आज्ञावली सिद्ध करून ती जुन्या यंत्रावर का नेऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर जीलिबसीच्या रचनेत आहे. जुन्या लायब्ररीवर जोडलेली आज्ञावली नव्या लायब्ररीवर चालते. उलट सामान्यतः होत नाही. स्मृतीतील मजकुराची नक्कल करणाऱ्या मेमसीपीवाय या कार्याची नवी आवृत्ती जीलिबसी २.१४ मध्ये (२०११) आली. नंतरच्या प्रणालीवर सिद्ध झालेली आज्ञावली त्या एका खुणेपायी आधीच्या यंत्रावर अडते, मग आज्ञावलीच्या कर्त्याने नवे असे काहीही वापरलेले नसो. आज्ञावली कोठवर मागे जाऊ शकेल हे कंपायलरच्या वयापेक्षा या लायब्ररीच्या वयावर अधिक ठरते. त्यामुळे जुनी प्रणाली व नवा कंपायलर ही जोडी अनेकदा मुद्दाम पसंत केली जाते. पायथॉन या भाषेच्या तयार संचांसाठी २०१६ मध्ये ठरलेले मेनीलिनक्स १ हे मानक सेंटओएस ५ व जीलिबसी २.५ यांवर, तर मेनीलिनक्स २०१४ हे सेंटओएस ७ व जीलिबसी २.१७ यांवर आधारलेले आहे. दोहोंसाठी कंपायलर मात्र प्रणालीच्या मूळच्या कंपायलरहून नवा वापरण्यात आला. विंडोजवर बहुधा याच्या उलट रीत आढळते. तेथे कंपायलर नव्या यंत्रावरच चालतो व जुन्या प्रणालीसाठी वेगळा साधनसंच निवडतात. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ मध्ये एक्सपीसाठी असा संच होता.

नवा कंपायलर भाषा नवी देतो, प्रणाली नवी देत नाही. यादृच्छिक संख्या पुरविणारे गेटरँडम हे कार्य जीलिबसीत २.२५ या आवृत्तीपासून (२०१७) आहे. २.१७ असलेल्या यंत्रावर कोणताही कंपायलर ते निर्माण करू शकत नाही. आज्ञावलीतच पर्यायी मार्ग लिहावा लागतो. अशा गरजा वाढत गेल्या की आधाराची प्रणालीच पुढे सरकवितात. पायथॉनच्या संचांसाठी नंतर अल्मालिनक्स ८ व जीलिबसी २.२८ यांवर आधारलेले मानकही वापरात आले आणि त्यावरही कंपायलर प्रणालीहून नवाच ठेवण्यात आला आहे.