कौटुंबिक इतिहास : विशेष काही नाही

रुग्णाचा इतिहास लिहून घेण्याची जी पद्धत आपल्याला विद्यार्थिदशेत शिकवली गेली, तिच्यात 'कौटुंबिक इतिहास' हा एक रकाना असतो. मधुमेह, रक्तदाब, क्षय, हृदयविकार यांची चौकशी झाली की आपण तेथे 'विशेष काही नाही' असे लिहितो आणि पुढे सरकतो. फिजिशियन म्हणून मीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. या तीन शब्दांखाली काय काय दडलेले असू शकते, हे मला एका अमेरिकन रॉक अल्बमने उमजवून दिले, हे सांगताना थोडा संकोच होतो. माझा कान भीमसेनजी आणि कुमारजींवर पोसलेला. पाश्चात्त्य रॉक म्हणजे मुलाच्या खोलीतून येणारा गोंगाट, एवढाच माझा त्या संगीताशी परिचय.

त्याच गोंगाटात एके रात्री एक अगदी हळू, थकलेला आवाज कानी पडला आणि मी दारात थबकलो. "हे कशाबद्दल आहे रे?" असे विचारले. मुलगा म्हणाला, "बाबा, याची बहीण गेली, तिच्याबद्दल आहे. तुमच्याच विषयातलं आहे, ऐका."

'ईल्स' या बँडचा तो अल्बम 1998 साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'इलेक्ट्रो-शॉक ब्लूज'. गीतकार आणि गायक मार्क ऑलिव्हर एव्हरेट. रसिक त्याला नुसत्या 'ई' या अक्षराने ओळखतात. त्याचे वडील ह्यू एव्हरेट हे भौतिकशास्त्रज्ञ. 1957 साली प्रिन्स्टन विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी पुंजयांत्रिकीचा जो नवा अर्थ मांडला, तो पुढे 'अनेक विश्वांचा सिद्धांत' म्हणून प्रसिद्ध झाला. अनेक विश्वांचा हिशेब मांडणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र जवळजवळ मुका होता. संशोधनाची त्या काळी उपेक्षा झाली, ते संरक्षण खात्याच्या कामाकडे वळले. मद्य आणि धूम्रपान वाढत गेले.

1982 च्या जूनमध्ये त्यांच्या मुलीने, एलिझाबेथने, आत्महत्येचा प्रयत्न केला. मार्कला ती न्हाणीघरात बेशुद्ध सापडली. त्याने तिला वेळेवर रुग्णालयात पोहोचवले. रात्री उशिरा तो घरी परतला तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि ती इतकी दुःखी असेल याची आपल्याला कल्पना नव्हती, एवढेच ते म्हणाले. पुढच्याच महिन्यात, एक्कावन्नाव्या वर्षी, ह्यू हृदयविकाराने गेले. त्यांचा मृतदेहही एकोणीस वर्षांच्या मार्कलाच सापडला. आपण यापूर्वी वडिलांना कधी स्पर्श केल्याचे आठवतच नाही, हे त्याला त्या क्षणी जाणवले.

एलिझाबेथचा आजार आणि व्यसन सुरूच राहिले. रुग्णालयात दाखल असताना तिच्यावर विद्युत्-उपचारही झाले. अल्बमचे नाव त्यांवरूनच आले आहे. 1996 साली तिने जीवन संपवले. त्यानंतर आईला फुप्फुसाचा कर्करोग झाला. 1998 च्या नोव्हेंबरमध्ये, अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांतच, आईही गेली. मार्क त्या कुटुंबातला एकटाच उरला.

या पार्श्वभूमीवर ती सोळा गाणी ऐकताना मला प्रथम जाणवले ते हे, की पहिल्या गाण्यात भाऊ बहिणीविषयी बोलत नाही, बहीण स्वतः बोलते. शीर्षकगीतही रुग्णालयात असलेल्या तिच्याच तोंडी आहे. आपण बरे आहोत, असे ती स्वतःला पुनःपुन्हा समजावत राहते आणि ऐकणाऱ्याला कळते की ती बरी नाही. पुढे एका गाण्यात आईचा आजार येतो. किरणोपचारामुळे दुखणारा घसा आणि नेम कोठे धरायचा हे दाखवण्यासाठी कातडीवर काढलेल्या खुणा हे तपशील त्यात आहेत. या खुणा आपण रोज पाहतो. आपल्या दृष्टीने त्या मोजमापाच्या. मुलाच्या दृष्टीने ते आईच्या अंगावर कोणीतरी केलेले लिखाण. आणखी एका गाण्यात गेलेली बहीण कायमची निघून जाण्यापूर्वी आपल्या गावावरून एकवार फेरी मारते. त्याची चाल मात्र जवळजवळ आनंदी आहे. शोकात असलेला माणूस मध्येच हसतो, हे घरातल्यांना ठाऊक असते. आपल्या नोंदींत ते कोठे येत नाही.

ती गाणी ऐकताना मला माझा एक रुग्ण सतत आठवत होता. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. डोके दुखते, भूक नाही, झोप लागत नाही, अशा तक्रारी. मी प्रश्न त्याला विचारी आणि उत्तरे वडील देत. सर्व तपासण्या निर्दोष आल्या. मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या, अभ्यासाचा ताण फार घेऊ नकोस असे सांगितले आणि कौटुंबिक इतिहासापुढे माझे नेहमीचे तीन शब्द लिहिले. तीन आठवड्यांनी त्याला मध्यरात्री अत्यवस्थ स्थितीत आणण्यात आले. तो वाचला, हे आमचे आणि त्याचे भाग्य. पहाटे अतिदक्षता विभागाबाहेर त्याची आई मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, याच्या काकांनीही असाच जीव दिला होता. घरात त्यांचा फोटोसुद्धा लावत नाहीत." मी विचारले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत."

या उत्तरावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही. ह्यू एव्हरेट यांचे त्या रात्रीचे उद्गार कठोर वाटतात खरे; पण मीही वेगळे काय केले होते? ते वडील होते, मी वैद्य होतो. मुलगा इतका दुःखी असेल याची कल्पना मलाही नव्हती.

पुढे मनोविकारतज्ज्ञांनी त्या मुलासाठी विद्युत्-उपचार सुचवले, तेव्हा घर हादरले. 'शॉक' या शब्दाची भीती आपल्या समाजात चित्रपटांनी रुजवली आहे. 1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ही पद्धत प्रथम वापरली, तेव्हा भूल दिली जात नसे. आज ती भूल देऊन आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच करतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यांवाचून उपचार करण्यास मनाई केली आहे. तीव्र नैराश्यात हा उपचार अतिशय परिणामकारक ठरतो. स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. बहुधा तो तात्पुरता असतो, क्वचित काही आठवणी परत येत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगावे लागते. हे सर्व मी त्या कुटुंबाला तासभर बसून सांगितले. पहिल्या भेटीतल्या अपुऱ्या दहा मिनिटांची ती भरपाई होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

अल्बमचे शेवटचे गाणे ऐकून मी बराच वेळ बसून राहिलो. अंत्यविधी, पेट्रोलपंपावर गाणाऱ्याला तिथला नोकर समजून भोंगा वाजवणारी एक वृद्धा, असे साधे प्रसंग त्यात येतात आणि त्यांच्यामधून तो हळूहळू जगण्याकडे तोंड वळवतो. कोणी परत येत नाही, काही भरून निघत नाही. तरीही ऐकणाऱ्याला आधार वाटतो, कारण ज्या गोष्टी त्या घरात कोणी बोलले नाही, त्या कोणीतरी अखेर मोठ्याने म्हटल्या. शोक बरा होत नसेलही, पण बोलता आला तर सोबत घेऊन चालता येतो. मार्कने पुढे 2008 साली आत्मचरित्र लिहिले. त्याआधी 2007 साली बीबीसीच्या एका माहितीपटासाठी तो वडिलांच्या सिद्धांताचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोध घेत हिंडला. ज्या वडिलांना स्पर्श केल्याचे आठवत नव्हते, त्यांची ओळख त्याने अशी उशिरा करून घेतली.

त्यानंतर माझ्या केसपेपरात एक बदल झाला. मधुमेह आणि रक्तदाबानंतर मी आणखी एक प्रश्न विचारतो: "घरात कोणाला मनाचा आजार होता का? कोणी जीव दिला होता का?" आणि रुग्ण खचलेला दिसला तर नातेवाइकांना बाहेर बसवून त्यालाही सरळ विचारतो, "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना विचारल्यावर हायसेच वाटते. ज्यांना रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटेल, त्यांच्यासाठी 2022 पासून केंद्र शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा आहे; तिचा क्रमांक 14416 मी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून देतो.

तो मुलगा आज नोकरी करतो, संसारात आहे. मागे एकदा तो स्वतःच्या लहान मुलीच्या तापासाठी आला होता. मी केसपेपर पुढे ओढला, तेव्हा मी काही विचारण्यापूर्वीच तो म्हणाला, "सर, कौटुंबिक इतिहासात माझं लिहा. काकांचंही लिहा."

मी दोन्ही लिहिले.