मूल शाळेत जातं तेव्हा (भाग ५) : पहिलीच्या वर्षात नेमकं काय शिकून होतं?

मागच्या आठवड्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडपासून आजच्या अंगणवाडीपर्यंत आलो होतो. आता पहिली. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला सहा वर्षं पूर्ण होतात, त्याला त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत घेतात. त्यामुळे एकाच सतरंजीवर साडेसहा वर्षांचं मूल बसतं आणि साडेपाच वर्षांचंही. या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. पालकसभेत मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : बाई, वाचायला कधी लागेल?

पनवेलमधल्या कुठल्याही साध्या मराठी शाळेत डोकावून पाहा. महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, पण वर्ग त्याआधीपासूनच सरमिसळ आहेत. कामोठे, कळंबोली, खारघर ही मुळातली आगरी गावं. पूर्वेला माथेरानच्या पायथ्याशी, मालडुंगे-धोदाणीकडे ठाकूर आणि कातकरी वाड्या. शिवाय बांधकामांच्या मागोमाग मराठवाड्यातून आणि उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं. म्हणजे मराठी शाळेतलं मराठी हे यातल्या बऱ्याच मुलांचं घरचं मराठी नसतं. काहींच्या घरात तर मराठीच नसतं. पहिलीत काय शिकायचं, हा प्रश्न इथून सुरू होतो.

सुरुवातीचे आठवडे शाळेची सवय होण्यात जातात. आईचा पदर सोडणं, चप्पल ओळीत ठेवणं, लघवीला जायचंय हे वेळेवर सांगणं, पोषण आहाराच्या पंगतीत ताट न सांडता बसणं. केंद्र सरकारचा ‘विद्याप्रवेश’ हा तीन महिन्यांचा खेळ-कार्यक्रम २०२१ मध्ये आला आणि आपल्याकडे ‘पहिले पाऊल’चे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले, ते यासाठीच. घरच्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तो वाया गेलेला नसतो, पण याबद्दल अधिक लिहिण्यासारखंही फार नाही. खरी गंमत अक्षरं आणि आकडे सुरू झाल्यावर आहे.

वाचायला आधी डोळा नव्हे, कान लागतो. बोललेला शब्द तुकड्यांत मोडता येतो, हे मोठ्यांना इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते शिकावं लागतं हेच आपण विसरतो. बाई सांगतात, ‘कमळ’ म्हणताना टाळ्या वाजवा. मुलं दोनच वाजवतात : क, मळ. फळ्यावर मात्र अक्षरं तीन. मूल चुकलेलं नाही. आपण ‘मळ’ एका दमात म्हणतो आणि लिहिताना ‘म’ आणि ‘ळ’ सुटे काढतो. कानाचे दोन आणि डोळ्याचे तीन यांचा मेळ घालायला सहा वर्षांच्या डोक्याला कित्येक आठवडे लागतात. पुस्तकात त्याचा धडा नसतो आणि प्रगतिपुस्तकात त्याचा रकाना नसतो.

मग अक्षरं. क ख ग घ ङ ही रांग उच्चार तोंडात कुठे होतो त्यावरून लावलेली आहे. रचना म्हणून ती अप्रतिम, पण नवशिक्या हातासाठी ती लावलेली नाही. म्हणून आपल्याकडे शिकवताना ‘ग म भ न’ आलं. चारही अक्षरांना तीच उभी काठी, वळणंही एकमेकांच्या नात्यातली, आणि लगेच मन, नभ, गगन असे शब्द तयार. पहिल्या पंधरवड्यात मुलाला स्वतःचा शब्द वाचता आला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. बालवाडीतच अ ते ज्ञ घोकून आलेल्या मुलाला हा आनंद मिळेलच असं नाही. त्याला ‘भ’ भटजीचा हे पाठ असतं, पण ‘नभ’ समोर आलं की तो ‘नळाचा न, भटजीचा भ’ एवढं म्हणून थांबतो.

त्यानंतरची अडचण वेलांटीची. ‘दिवा’ म्हणताना आधी द, मग इ. लिहिताना मात्र इ-ची काठी द-च्या आधी उभी करायची. ऐकू येतं नंतर, कागदावर येतं आधी. म्हणून काही मुलं ‘द’ काढून वेलांटी त्याच्या पुढे घालतात आणि दिव्याचा ‘दीवा’ होतो. यात आळस नाही, कानाशी प्रामाणिकपणा आहे. सुदैवाने मराठीच्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटी सहसा दीर्घच येतं, त्यामुळे पाटी, घरी, वही या रोजच्या शब्दांत दुसरीच वेलांटी भेटते आणि ती ऐकलेल्या क्रमानेच उभी असते. शहाण्या बाई आधी दुसरी शिकवतात. ‘च’ची गोष्ट वेगळी. ‘चार’मधला च निराळा, ‘चाक’मधला निराळा, खूण एकच. पण मराठी घरातलं मूल तिथे अडत नाही, कारण शब्द त्याच्या ओळखीचे असतात. हिंदी घरातलं मूल अडतं.

आणि आगरी घरातलं? आगरीत होळीची होली होते, कोळ्याचा कोली होतो, पाण्याचं पानी होतं. मुलगी वहीत ‘पानी’ लिहिते तेव्हा तिने तीन अवघड कामं बिनचूक केलेली असतात : शब्द मोडला, प्रत्येक आवाजाला अक्षर शोधलं, काना आणि वेलांटी जागच्या जागी बसवली. तिला वाचता-लिहिता येऊ लागल्याचा तो पुरावा आहे. त्यावर लाल शाईची फुली मारणारा शिक्षक शुद्धलेखन शिकवत नसतो, ती घरी बोलते तेच चूक आहे असं शिकवत असतो. ‘पुस्तकात पाणी असं लिहितात’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पुस्तकाची भाषा ही घरच्या भाषेवर चढवायची असते, तिच्या जागी आणायची नसते. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या फलटणच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत जे काम उभं केलं, ते या विषयात रस असणाऱ्यांनी जरूर पाहावं.

हे सगळं चालू असताना २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर महाराष्ट्रात रणकंदन झालं. १६ एप्रिलला हिंदी सक्तीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये बदलला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राजकारण बाजूला ठेवू. कातकरी किंवा आगरी बोलणाऱ्या मुलासाठी पुस्तकी मराठी हीच वर्गातली नवी भाषा आणि इंग्रजी त्याच्यावर. आपण जिला तिसरी म्हणत होतो, ती त्याची चौथी ठरली असती.

आता आकडे. एक ते शंभर म्हणून दाखवणं म्हणजे मोजता येणं नव्हे. पाच चिंचोके ठेवून मोजायला सांगा. मूल बोट लावून पाचपर्यंत बरोबर म्हणतं. ‘मग किती आहेत?’ विचारलं की काही मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजेच एकूण चिंचोके, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात मोजण्यामागची जी तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. ते उमगल्याशिवाय बेरीज शिकवणं निरर्थक.

वीसच्या पुढे मराठी मुलाची परीक्षा पाहते. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून पाटीवर ७४ उमटतात. ‘एकोणपन्नास’मध्ये तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात ४ आणि ९. बरं, एकोणवीसपासून चालत आलेला हा नियम धरून मूल पुढे गेलं, तर शेवटी एकोणशंभर यायला हवं, तिथे नव्व्याण्णव निघतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्याचा पर्याय आला तेव्हा विधिमंडळापर्यंत खणाखणी झाली आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. जुनी नावं मला सोडवत नाहीत, पण त्यांनी बोट ठेवलेली अडचण खोटी नव्हती. पहिलीच्या वर्गात तिच्यावर उतारा सोपा आहे : दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या हातात आल्या की ४७ उलटे होत नाहीत. पाढे नंतर.

दसऱ्याच्या पाटीपूजनाला एकाच्या आकड्यांची सरस्वती काढता येते. दिवाळीपर्यंत वर्ग रांगेला लागतो. आणि नेमकी तेव्हाच काही पाटी-दप्तरं बंद होतात. रायगडातली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांचं पहिलीचं वर्ष साडेचार महिन्यांचं. अक्षरं जुळून शब्द होऊ लागतात तेव्हाच त्यांची पाटी सुटते. मूल जाईल तिथल्या शाळेत दाखल करून घेता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहं आहेत. पण सहा वर्षांचं लेकरू वसतिगृहात मागे ठेवायला कुठली आई तयार होईल? आणि भट्टीजवळची शाळा अर्ध्या वर्षात आलेल्या मुलाला कुठल्या अक्षरापासून हाती घेणार? पुढे चौथी-पाचवीत ‘याला वाचताच येत नाही’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यातल्या अनेकांचा पाय पहिलीच्या या डिसेंबरात अडकलेला असतो.

आता पालकांच्या प्रश्नाचं उत्तर. ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीच्या अखेरीस अपेक्षा आहे ती एवढीच : चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचता यावं, ९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत, सोपी बेरीज-वजाबाकी जमावी. मिनिटाला किती शब्द, हे माप दुसरीपासून लागतं. तेव्हा दिवाळीत शेजारचा मुलगा धडाधडा वाचतो म्हणून आपल्या मुलाला शिकवणी लावू नका. तेवढ्या वेळात त्याला रोज एक गोष्ट सांगा, घरी जी भाषा बोलता त्याच भाषेत, आणि मधेच थांबून ‘पुढे काय झालं असेल?’ विचारा. पुढच्या आठवड्यात जोडाक्षरं आणि दुसरी.