एकवीस हजारांच्या आत

"आजी, वर्षाचं उत्पन्न किती टाकू?"

सेतू केंद्रातला पोरगा संगणकावरची नजर न काढता विचारतो. मामी माझ्याकडे बघतात. मामी म्हणजे आमच्या गल्लीतल्या; नात्याच्या नव्हेत, पण लहानपणापासून मी त्यांना मामीच म्हणत आले.

श्रावणातला सोमवार आहे. मराठवाड्यातल्या या तालुक्याच्या गावाचा आज बाजारही आहे, त्यामुळे तहसील कचेरीच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. कडुनिंबाखाली ओल्या छत्र्या उघड्याच पडल्यात. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक आणि झेरॉक्सचा गठ्ठा. मामींनी आपली पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलीय, कापूस वेचताना ओटी धरतात तशी.

त्या इथे आल्यात त्याचं कारण एक तारीख आहे. आधारकार्डावर त्यांचा जन्म १ जानेवारी १९६० चा आहे. ही तारीख खरी नाही. जन्माचा कागदच नसलेल्या कितीतरी माणसांच्या कार्डावर १ जानेवारीच पडलेली आहे. पण त्या तारखेनं मामी जानेवारी २०२५ मध्ये पासष्टच्या पुढे गेल्या आणि लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये बंद झाले. आता त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना. तिथेही महिन्याला १,५०० च. फरक आहे तो दारात. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची होती. श्रावणबाळला ती २१,००० ची आहे. बाई तीच, पैसे तेवढेच. वयानं एक दिवस ओलांडला आणि तिनं बारा पटींनी गरीब असायला हवं, असं ठरलं.

दारिद्र्यरेषेच्या २००२ च्या यादीत नाव असतं तर उत्पन्नाचा प्रश्न आला नसता. त्या यादीत मामींच्या सासऱ्यांचं नाव आहे. पुढे रेशनकार्ड वेगळं झालं आणि मामी यादीच्या बाहेर राहिल्या.

"आजी, किती?" पोरगा पुन्हा विचारतो.

"खुरपायला जाते की."

"दिवसाला काय मिळतंय?"

"तीनशे. वेचणीला किलोवर."

"किती दिवस जाता?"

मामी बोटांची पेरं मोजायला लागतात. आषाढ, श्रावण, मग कापसाची वेचणी, मग कुणाचा हरभरा. मोजणी प्रामाणिक चाललीय. मधे एक आठवडा ताप होता, तो त्या वजासुद्धा करतात. "शंभराच्या वर भरत्याल बघ," त्या अभिमानानं सांगतात. पासष्टीच्या बाईनं शंभर दिवस वाफ्यात वाकून काम करणं ही सांगण्यासारखीच गोष्ट आहे.

पोरगा पहिल्यांदा मान वर करतो. विशीतला असेल. आवाज खाली आणून तो म्हणतो, "आजी, असं कुठं सांगू नका." मग माझ्याकडे बघून, "ताई, वीस हजार टाकतो."

मी मनातल्या मनात हिशोब करते. एकवीस हजार म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपयांच्या आत. सरकारच्याच रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. त्या दरानं एखादी बाई वर्षात ६७ दिवस कामावर गेली तर ती निराधार ठरू शकते. अडुसष्टाव्या दिवशी ती ओळीतून बाहेर. आणि ही मर्यादा एकट्या म्हातारीची नाही, साऱ्या कुटुंबाची आहे. अनुदान २०१९ मध्ये ६०० वरून १,००० झालं, २०२३ मध्ये १,५००. मर्यादा मात्र जागची हलली नाही. हा आकडा ज्यांनी लिहिला त्यांनी एकदा इथे, या कडुनिंबाखाली, दिवसभर उभं राहावं असं मला फार मनापासून वाटतं.

छापलेलं स्वयंघोषणापत्र बाहेर येतं. मामींना वाचता येत नाही. बचत गटात शिकलेली सही तेवढी येते. "वाच बरं मला," त्या म्हणतात. मी वाचते. नाव, गाव, व्यवसाय मजुरी, वार्षिक उत्पन्न रुपये २०,०००. शेवटी ती नेहमीची ओळ: वरील माहिती खरी असून खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.

मामी पेन हातात घेऊन थांबतात.

"मग हे खोटं झालं की गं."

मागे रांग आहे. मी काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही. मामींनी आयुष्यात कुणाचं एक कणीस न विचारता मोडलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. मागचा काठीवाला म्हातारा हयातीच्या दाखल्यासाठी आलाय. आपण जिवंत आहोत हे त्याला दर वर्षी इथे येऊन सांगावं लागतं. तो म्हणतो, "करा बाई सही. समद्यांच्या कागदावर तेवढंच असतंय."

मामी सही करतात. एकेक अक्षर सुटं, कोरल्यासारखं.

आता हा कागद तलाठ्याकडे जाईल. २०२४ मध्ये पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, पण इथे सगळे तलाठीच म्हणतात. तो अहवाल देईल, मग तहसीलदारांचा दाखला निघेल. तलाठ्यालाही मजुरीचा दर माहीत आहे. सेतूतल्या पोराला, कारकुनाला, रांगेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. सगळे मिळून एक आकडा खरा मानतात आणि त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची चूल पेटते. मला या माणसांचा राग येत नाही. पण जे हक्कानं मिळायचं ते कुणाच्या तरी डोळेझाकीवर मिळत असेल, तर एखाद्या दिवशी एखादा डोळे उघडून बसेल, ही भीती म्हातारीच्या पाठीशी कायमची राहते. तिनं कुणाशी भांडायचं नाही, ग्रामसभेत वर तोंड करून बोलायचं नाही. तिचा कागद कच्चा आहे, हे साऱ्या गावाला माहीत असतं.

संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेची खोली मागच्या बाजूला आहे. निराधार विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, म्हातारे, सगळ्यांच्या फायली याच खोलीत येतात आणि पुढे समितीच्या बैठकीत जातात. टेबलामागच्या बाई दमलेल्या आहेत, पण आवाज चढवत नाहीत. त्या मामींना खुर्ची देतात. उत्पन्नाच्या दाखल्याची पोच जोडलेला अर्ज चाळतात. पंधरा वर्षांचा रहिवास, वयाचा पुरावा, आधार जोडलेलं खातं, कारण पैसे आता थेट खात्यातच येतात. रेशनकार्डावर त्यांचं बोट थांबतं.

"हा मुलगा?"

"पुण्याकडं असतोय. कंपनीत."

"पैसे पाठवतो?"

खोलीत दहा-बारा माणसं आहेत. आमच्याच गावची एक बाई दाराशी उभी आहे. मामी पदर सारखा करतात.

"त्याचं त्यालाच पुरत न्हाई. दोन लेकरं हायेत."

"आजी, पाठवतो की नाही एवढंच सांगा."

"दिवाळीला येतोय," मामी म्हणतात. "साडी आणतोय."

बाई काही लिहीत नाहीत. पेन धरून थांबतात. मामी खाली बघतात आणि मग अगदी हळू म्हणतात, "न्हाई पाठवत."

अर्जाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत योजनेचं नाव आहे. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून नेणाऱ्या श्रावणाची गोष्ट मामींनीच लहानपणी आम्हा पोरांना ओट्यावर सांगितलेली आहे. त्या नावाच्या कागदासाठी त्यांना आज गावच्या बाईसमोर पोराबद्दल हे बोलावं लागलं. सकाळी घरून निघाल्यापासून त्यांनी पोराविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. बसमध्येही तो कामावर कसा लवकर पोचतो, किती मेहनत करतो, हेच चाललं होतं.

पोच मिळते. बैठक कधी? "कळवू," बाई म्हणतात, आणि मग स्वतःहून, "आजी, महिन्याभरानं एकदा चौकशी करून जा."

रस्ता ओलांडला की पंचायत समिती. मामींच्या घराची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली, तिथे आता पत्रा टेकवलाय. घरकुलाचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्हाला थोडक्यातच मिळालं. २०१८ च्या सर्वेक्षणात मामींचं नाव आलं होतं, नंतर गळालं. कुटुंबात मोटारसायकल होती.

"गाडी तर तो घेऊन गेला," मामी म्हणतात. "घर माझं पडलं."

दुचाकीची ती अट २०२४ मध्ये निघाली. २०२५ च्या उन्हाळ्यात नवं सर्वेक्षण झालं, मोबाइलमध्ये मामींचा पडक्या भिंतीपुढचा फोटो गेलाय. यादीत नाव आलं तर १,२०,००० रुपये हप्त्यांनी, वर रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,०००. किमान २५ चौरस मीटरचं घर. टेबलावरचा तरुण हे सगळं नीट समजावतो आणि मग विचारतो, "जागा कुणाच्या नावावर आहे?"

ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये अजून सासऱ्यांचंच नाव आहे. ते जाऊन वीस वर्षं झाली. वारस चार, दोन दीर गावात, एक सुरतेला, आणि मामींचे मालक वारलेले. चौघांच्या घरच्यांची संमती हवी. जागा नसलेल्यांना जागा घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. पण मामींना जागा नाही असंही म्हणता येत नाही. जागा आहे, चाळीस वर्षं त्या तिथेच राहतात, सारवतात. फक्त कागदावर त्या तिथे नाहीत.

"धाकट्या दिराला विचारून बघते," मामी म्हणतात. "त्यो नाही म्हणायचा न्हाई." मग जरा थांबून, "त्याची बायको म्हणंल."

एसटी स्टँडवर आम्ही चहा घेतो. मामी बशीत ओततात, फुंकर घालतात. पिशवीतून पोच काढून बघतात, घडी मोडणार नाही अशी पुन्हा आत ठेवतात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजतो. गावातली मजुरांची टोळी जमवणारी बाई आहे. तिचा आवाज मलाही ऐकू येतो. उद्यापासून मळ्याकडच्या कापसात खुरपणी, आठ दिवसांचं काम, सांजच्याला पैसे हातात.

मामींचा चेहरा उजळतो. हो म्हणायला तोंड उघडतात आणि थबकतात. फोनवर तळहात दाबून त्या माझ्याकडे वळतात.

"बाई, जाऊ का गं? का आता सही केली म्हनून जायचं न्हाई?"

"जा मामी," मी म्हणते. "नक्की जा."

पण त्या फोन तसाच दाबून धरतात. दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवर फिरायला लागतो. आषाढापासूनचे दिवस त्या पुन्हा मोजताहेत, आणि पलीकडून ती बाई विचारतेय, येणार का नाही, सांगा लवकर.