लकव्यानंतरचा तिसरा महिना

उजव्या हाताला लकवा मारला असं आपण म्हणतो, पण त्या हाताला काहीही झालेलं नसतं. हाडं शाबूत, स्नायू शाबूत, खांद्यापासून बोटांपर्यंत गेलेल्या नसाही शाबूत. बिघाड झालेला असतो कवटीच्या आत, मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात. तिथल्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते, आणि तिच्यावर पोसणाऱ्या पेशी मरू लागतात. मोठ्या वाहिनीत गुठळी अडकली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते यासाठीच. खानदेशातल्या भडगावातून जळगाव नाहीतर धुळं गाठायचं असेल, तर तोंड वाकडं झालेलं दिसल्यावर ‘थोडं पडू द्या, बरं वाटेल’ यात अर्धा तासही घालवणं परवडत नाही.

त्या पहिल्या तासांविषयी आता बरंच बोललं जातं. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरीही दोन-तीन महिन्यांनी कित्येक घरांत तोच माणूस त्याच हाताने पाण्याचा पेला उचलतो. हात हलवणाऱ्या पेशी तर मेल्या. मग हा पेला उचलला कोणी?

रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं एक उत्तर दिलं. त्यांच्याकडे स्क्विरल मंकी जातीची, दक्षिण अमेरिकेतली चिमुकली माकडं होती. माकडापुढे एक पाटी ठेवायची. पाटीवर लहान-मोठे खळगे आणि खळग्यात खाऊची बारीकशी गोळी. मोठ्या खळग्यात सगळी बोटं जातात, सर्वांत लहान खळग्यात जेमतेम एक-दोन. संशोधकांनी आधी मेंदूच्या वरच्या थरात केसासारखा बारीक इलेक्ट्रोड टोचत टोचत नकाशा काढला: इथे टोचलं की बोट हलतं, इथे मनगट, इथे कोपर, इथे खांदा. मग हाताच्या भागाचा छोटासा तुकडा निकामी केला. ज्या माकडांना तसंच सोडून दिलं, त्यांच्यात पुढे शेजारचा धडधाकट भागही हाताचा राहिला नाही, हाताचं क्षेत्र आणखी आक्रसलं. ज्यांच्याकडून रोज तीच गोळी काढण्याचा सराव करून घेतला, त्यांचं उरलेलं क्षेत्र टिकलं. काहींच्या मेंदूत तर बोटांचा भाग पूर्वी कोपर-खांद्याच्या असलेल्या जागेत शिरला.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पडीक राहिलेल्या वावराचा बांध शेजारी दरसाल थोडा थोडा कोरतो. कसणारा मालक उभा असेल तर बांध जागेवर राहतो. मेंदूत सातबारा नाही, तिथे कसेल त्याची जमीन.

आणि कसणं म्हणजे किती? कॅथरीन लँग या संशोधिकेने २००९ मध्ये उपचारांची ३१२ सत्रं शेजारी बसून मोजली. एका सत्रात कमजोर हाताने कामाची हालचाल, म्हणजे वस्तू पकडणं, उचलणं, ठेवणं, सरासरी ३२ वेळा झाली. प्राण्यांच्या प्रयोगांत दिवसाला चारशे-सहाशे वेळा होते. बत्तीस आणि चारशे! लकव्यातून लोक पुरते का सावरत नाहीत याची कारणं अनेक आहेत, पण या दोन आकड्यांमधलं अंतर मला अस्वस्थ करतं.

एका घराने हे अंतर विज्ञानाच्या आधी, केवळ जिद्दीने ओलांडलं होतं. पेद्रो बाख-इ-रीता हे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवणारे मूळचे कॅटलान कवी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत डॉक्टरीचं शिक्षण घेत होता. पुनर्वसनाचं त्याला काही माहीत नव्हतं, आणि तेच बरं झालं. तान्हं मूल जे करतं तिथून त्याने सुरुवात केली. वडिलांना भिंतीच्या आधाराने रांगायला लावलं. शेजाऱ्यांना ते बघवत नसे; म्हाताऱ्या प्राध्यापकाला असं जनावरासारखं काय वागवतोस, म्हणायचे. मग गोट्या घरंगळत सोडून त्या कमजोर हाताने पकडायच्या, जमिनीवर पडलेली नाणी उचलायची, भांडं घासताना हात पंधरा मिनिटं या बाजूने आणि पंधरा मिनिटं त्या बाजूने फिरवायचा. साधारण वर्षभरात पेद्रो पुन्हा शिकवू लागले. १९६५ मध्ये कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. शवविच्छेदनात जे दिसलं त्याने डॉक्टर चकित झाले: मेंदूकडून मणक्याकडे जाणारे बहुतेक सगळे तंतू पक्षाघाताने नष्ट झाले होते, आणि ते तसेच नष्ट होते. दुरुस्ती झालीच नव्हती. जे थोडं उरलं होतं, त्याने सगळ्याचं काम अंगावर घेतलं होतं. दुसरा मुलगा पॉल हा मेंदूशास्त्रज्ञ. ते पाहिल्यावर पुढचं सारं आयुष्य त्याने मेंदूच्या या लवचीकतेच्या अभ्यासाला दिलं.

सराव केव्हा करायचा, यालाही उत्तर मिळू लागलं आहे. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वरचेवर उठवून चालवलं तर? पाच देशांतल्या २१०४ रुग्णांवर झालेल्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीने २०१५ मध्ये दाखवलं, की इतकी घाई उलट नुकसान करते. याउलट अलेक्झांडर ड्रोमेरिक यांच्या २०२१ च्या अभ्यासात ७२ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांपलीकडे २० तास हाताचा जादा सराव दिला: एका गटाला पहिल्या महिन्यात, दुसऱ्याला दोन-तीन महिन्यांनी, तिसऱ्याला सहा महिन्यांनंतर. सर्वांत जास्त फायदा झाला दोन-तीन महिन्यांच्या गटाला. त्या काळात जखमी मेंदू जणू पुन्हा बालपणात जातो, नवे फाटे फोडतो, शिकायला आतुर असतो.

आता दोन-तीन महिन्यांनी भडगावचा रुग्ण कुठे असतो? घरी. दवाखान्यातून सुट्टी होऊन बरेच दिवस झालेले असतात. भेटायला येणारे येऊन गेले, कापसाची किंवा लिंबाची कामं पुन्हा सुरू झाली, रोज फिजिओथेरपीसाठी जळगावला जायचं तर सोबतीला एक माणूस आणि त्याची मजुरी बुडालेली. घरात माया भरपूर असते. आबांचा हात पेल्याकडे सरकला की सून धावते: ‘ऱ्हाऊ द्या आबा, मी देस.’ ती अगदी मनापासून देते. पण ज्या आठवड्यांत मेंदू सर्वांत जास्त शिकू शकतो, नेमक्या त्याच आठवड्यांत हाताला शिकवायला कोणी नाही आणि त्याची कामं करायला सगळं घर आहे.

मग घरालाच शिकवलं तर? हा प्रश्न आपल्याच देशात, मोठ्या ताकदीने विचारला गेला. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जेयराज पांडियन आणि सिडनीचे रिचर्ड लिंडली यांनी भारतातल्या १४ रुग्णालयांत ‘अटेंड’ ही चाचणी केली. १२५० रुग्ण, निम्म्यांच्या घरच्यांना सराव घ्यायला शिकवलं, निम्म्यांना नेहमीचेच उपचार. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले: दोन्ही गटांत ४७ टक्के. काडीचाही फरक नाही.

हा निकाल पचायला जड आहे, पण तो जसाच्या तसा सांगितला पाहिजे. मला त्यातून घर निरुपयोगी ठरलं असं वाटत नाही. काही दिवस शिकवायचं आणि पुढचं घरावर सोपवायचं, एवढ्याने भागत नाही, असं मी त्यातून वाचतो. जॉर्ज रोज, तासन् तास, वर्षभर वडिलांसोबत होता. ज्या घरात दोघं मजुरीला जातात त्या घराकडून तेवढं मागायचं, तर दर आठवड्याला उंबऱ्यावर येणारं कोणीतरी जाणकार हवं, जे सराव वाढवत नेईल आणि चूक दाखवेल.

उंबऱ्यापर्यंत पोचणं किती गरजेचं आहे हे महाराष्ट्रातच गडचिरोलीत दिसलं. ‘सर्च’ संस्थेत काम करताना मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या २०११ ते २०१३ मधल्या १५९९ मृत्यूंची छाननी केली. त्यातले २२९ पक्षाघाताचे, म्हणजे सातातला एक, आणि त्या गावांतल्या मृत्यूंचं ते सर्वांत मोठं एकटं कारण. त्यातले जवळजवळ ८७ टक्के लोक घरीच गेले. जिथे मरण घरी येतं तिथे वाचलेल्यांचं पुढचं आयुष्यही घरीच जातं, आणि रक्तदाबाची रोजची गोळी चुकू न देणं हेही त्याच घराचं काम.

जाणकार माणूस काय दाखवील याचं एक उदाहरण ताटात सापडतं. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात झाला की काहींचं डावं जगच हरवतं. डोळे नीट असतात, पण डावीकडे काही आहे याची जाणीवच मेंदूला उरत नाही. ताटात उजवीकडचं भरीत संपतं, भाकरीचा उजवा अर्धा संपतो. डावीकडचा अर्धा, चटणी, लिंबाची फोड तशीच. घरचे म्हणतात, भूक मेली. ताट नुसतं अर्धं फिरवा, आबा उरलेलं जेवतात. १९७८ मध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्सात्ती यांनी मिलानच्या अशा दोन रुग्णांना तिथला कॅथेड्रलचा चौक मनात आठवायला सांगितला. एका टोकाला उभे आहोत असं कल्पून त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग मनानेच समोरच्या टोकाला जायला सांगितलं, तेव्हा आधी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधीच्या गळाल्या. आठवणी सगळ्या होत्या, फक्त डावीकडे जाता येत नव्हतं! असा रुग्ण घरात असेल तर खाट अशी ठेवायची की बोलणारा माणूस डावीकडून येईल; पेला, चष्मा, मोबाइल हळूहळू डावीकडे सरकवत न्यायचा.

दुसरी गोष्ट खांद्याची. लकवा मारलेला हात लोंबत असतो, स्नायूंची पकड सुटल्याने सांधा सैल असतो. उठवताना तोच हात धरून ओढला की खांदा निसटतो आणि पुढे महिनोन् महिने इतका दुखतो की माणूस सरावच टाळतो. कंबरेला धरून उठवायचं, हाताला नाही.

खानदेशासाठी एक आनंदाची बातमीही आहे. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघात झालेल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्क्यांची बुद्धी पुढे शाबूत राहिली, एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के होतं. बोलणं जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच. घरात अहिराणी, कचेरीत मराठी, बाजारात हिंदी बोलणारा आमचा माणूस आयुष्यभर नकळत एक राखीव साठा करत असतो. त्या अहिराणीला गावंढळ म्हणून मुलांच्या तोंडून पुसू नये, याला हे आणखी एक कारण.

आणि ज्यांचा तिसरा महिना कधीच उलटून गेला त्यांचं काय? लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात निक वॉर्ड यांनी २२४ रुग्णांकडून तीन आठवड्यांत ९० तास हाताचा सराव करून घेतला. त्यातल्या निम्म्या लोकांना पक्षाघात होऊन दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. हात सुधारले, आणि ती सुधारणा सहा महिन्यांनीही टिकली होती. ९० तास, हे विसरू नये. उशिरा शिकणाऱ्या मेंदूला जास्त सराव लागतो. बोटं थोडीफार हलत असतील तर डॉक्टरांना विचारून टोपलीभर लिंबं घ्या, एका टोपलीतून दुसरीत कमजोर हाताने टाकायला सांगा, चांगला हात मांडीवर ठेवून. पहिल्या दिवशी वीस होतील. ती मोजा, भिंतीवर लिहा, आणि उद्या पंचवीस मागा.